चंदीगडच्या खुर्चीवर बसायचं कुणी?

दर काही महिन्यांनी ही बातमी येते आणि तिच्यावरचा वादही दर वेळी त्याच क्रमानं रंगतो. पॅरिस, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या लिलावात चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सागवानी, वेतानं विणलेल्या खुर्च्या लाखांच्या भावानं जातात. एक बाजू म्हणते, आमचा वारसा लुटून नेला, तो परत आणा. दुसरी बाजू हसते आणि म्हणते, भंगारात काढल्या तेव्हा कुठे होतात? गोऱ्यांनी किंमत केली तेव्हा तुम्हाला डोळे फुटले! चार दिवस हा खेळ चालतो आणि मग पुढच्या लिलावापर्यंत सामसूम. या भांडणात एक गोष्ट दोघांनाही मुकाट मान्य आहे आणि मला नेमकी तीच पटत नाही. ती म्हणजे, या खुर्चीबद्दल बोलायचं ते तिच्या मालकीबद्दल आणि किमतीबद्दल. ती कशासाठी केली होती आणि सत्तर वर्षांनंतरही नवं ऑफिस सजवणाऱ्याला ती का हवीशी वाटते, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं : ही खुर्ची कचेरीतल्या रोजच्या झिजेसाठी, गावातल्या सुताराच्या हातांसाठी आणि दुरुस्तीसाठी घडवली होती, आणि तिचं देखणेपण त्यातूनच आलं आहे. तेव्हा तिची काळजी असेल, तर गेलेल्या खुर्च्यांसाठी गळा काढण्यापेक्षा उरलेल्या वापरात ठेवाव्यात, त्या विणणारे हात सांभाळावेत आणि तिची रेखाटनं सगळ्यांना खुली करावीत. संग्रहालयाच्या दोरीमागे ठेवलेली ही खुर्ची अर्धी मेलेली असते.

ती जन्मली कशी, ते आधी पाहू. फाळणीत लाहोर गेलं आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा. नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला आणि काम फ्रान्समधल्या ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराकडे आलं. पण कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचा, महिनाभर राहायचा आणि परत जायचा. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे ब्रिटिश वास्तुरचनाकार जोडपं तीन वर्षांच्या करारावर होतं. १९५१ पासून १९६५ पर्यंत ठाण मांडून राहिला तो कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, वास्तुरचनाकार पिएर जानरे. १९६७ मध्ये तो जिनिव्हात वारला तेव्हा त्याची राख पुढे चंदीगडच्या सुखना तलावात सोडली गेली, इतका तो तिथला झाला होता. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, महाविद्यालयं, वाचनालयं, वसतिगृहं असं सगळं एकदम उभं राहत होतं आणि त्यात बसायला हजारो खुर्च्या हव्या होत्या. एवढा माल पुरवील असा कारखाना जवळपास नव्हता, पोलाद नियंत्रणाखाली होतं आणि पैसा बेताचा होता. हाताशी होते सुतार, साग आणि वेत. प्रकल्पाच्या कार्यालयात जानरे आणि त्याच्याबरोबरचे तरुण भारतीय वास्तुरचनाकार रेखाटनं करत. फर्निचरच्या कामात युली चौधरी यांचा वाटा मोठा होता. ती रेखाटनं वेगवेगळ्या सुतारखान्यांना जात. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर एकीचा हात बोटभर रुंद आणि दुसरीचा पाय थोडा बारीक असायचा. आज लिलावाच्या पुस्तिकेत या फरकांना हस्तकलेचा स्पर्श म्हणतात. तेव्हा तो दोन मिस्त्र्यांच्या हातातला फरक होता, बाकी काही नाही.

आता खुर्ची बघा. दोन बाजूंना कंपाससारखे फाकलेले पाय, वर एकत्र येऊन हात तोलणारे. मधल्या आडव्या पट्टीवर बैठक. म्हणजे प्रत्येक बाजूला एक त्रिकोण, आणि त्रिकोण सहजी डुगडुगत नाही हे शाळेत शिकलेलो असतो. बैठक आणि पाठ या वेतानं विणलेल्या दोन वेगळ्या चौकटी, मध्ये फट. वेतातून वारा जातो, त्यामुळे उत्तर भारताच्या उन्हाळ्यात पाठ घामेजून खुर्चीला चिकटत नाही. साग निवडला कारण तो ओलीला आणि वाळवीला सहजी दाद देत नाही. जिथे फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते तिथे खुर्चीचे पायच आधी जातात. वेत फाटला तर लाकडाला हात न लावता तेवढी चौकट पुन्हा विणता येते. पाय गेला तर पाय बदलता येतो. त्यासाठी पॅरिसहून कुणाला बोलवायची गरज नाही, नाक्यावरचा सुतार पुरतो. यातली एकही गोष्ट शोभेसाठी केलेली नाही, तरी सगळ्या मिळून शोभतात. का? कारण कुठला भार कुठून कुठे जातो ते एका नजरेत दिसतं. आणि आजच्या ऑफिसात नेमकं हेच दिसत नाही. छताच्या खोट्या फळ्यांमागे वायरी, लॅमिनेटखाली भुसा, खुर्चीच्या काळ्या प्लास्टिकच्या आत कुठलीशी स्प्रिंग : सगळं झाकलेलं. तिथे एखादीच वस्तू आपला सांगाडा उघडा ठेवून उभी असेल, तर माणसाची नजर तिच्याकडे जाणारच. पुण्यातल्या बाणेरच्या किंवा मुंबईतल्या बीकेसीच्या ऑफिसांची सजावट करणारे याला 'वॉर्म लुक' म्हणतात. शब्द ढोबळ आहे, पण त्यांची नजर चुकलेली नाही.

या जानरेचीच आणखी एक आरामखुर्ची जगभरच्या ऑफिसांत आहे, आणि तिच्याशी तुलना केली की मुद्दा जास्त उघड होतो. १९२८ मध्ये कॉर्बुझिए, जानरे आणि शार्लोट पेरियाँ या तिघांनी पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यात चामड्याच्या जाड गाद्या बसवलेली चौकोनी खुर्ची केली. वकिलांच्या, बँकांच्या, जाहिरात कंपन्यांच्या स्वागतकक्षात ती तुम्ही पाहिली असेल, असली नाहीतर नकली. त्याच सुमाराची, १९२९ची, मीस व्हॅन डेर रोह आणि लिली राइख या जर्मन रचनाकारांची बार्सिलोना खुर्ची. ती बार्सिलोनाच्या प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी होती. स्पेनचे राजा-राणी येतील आणि टेकतील म्हणून केलेली. या दोन्ही खुर्च्या यंत्रयुगाच्या म्हणून मिरवल्या, पण त्या काळात त्यांचं जोडकाम, घासकाम आणि चामड्याचं काम बरंचसं हातानंच करावं लागे. त्या दिसायच्या यंत्रासारख्या, घडायच्या सोनाराच्या चालीनं. चंदीगडची खुर्ची बरोबर उलटी : दिसते हातची, पण तिच्यामागचा विचार यंत्राचा आहे. तेच पाय, तीच चौकट, थोड्या फेरफारानं कधी कारकुनाची खुर्ची, कधी वाचनालयाची, कधी बैठी आरामखुर्ची. मग झालं काय? राजासाठी केलेली खुर्ची कंपन्यांच्या लॉबीत आली आणि कारकुनासाठी केलेली धनिकांच्या दिवाणखान्यात गेली. पहिल्या प्रवासात खुर्चीचं काही बिघडलं नाही, कारण मुळात तिच्यावर फारसं कुणी बसणार नव्हतंच. दुसऱ्या प्रवासात मात्र तिचं काम सुटलं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. म्हणे, हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत या खुर्च्या कुणालाच सुंदर वाटत नव्हत्या. चंदीगडच्या गच्च्यांवर, व्हरांड्यांत त्यांचे ढीग पडले होते. पॅरिसचे व्यापारी आले, त्यांनी ढीगच्या ढीग उचलले, नव्यानं पॉलिश केलं, प्रदर्शनं भरवली, जानरेचं नाव पुढे केलं, आणि मग सौंदर्य दिसू लागलं. म्हणजे आकर्षण खुर्चीचं नव्हे, नावाचं आणि बाजाराचं. यातलं बरंच खरं आहे. ते व्यापारी आले नसते तर त्यातल्या किती खुर्च्या बंबात गेल्या असत्या सांगता येत नाही, आणि हे कबूल करायला देशाभिमान आड येण्याचं कारण नाही. पण बाजार किंमत वाढवू शकतो. आवड हवेतून काढू शकत नाही. सरकारी लिलावांत लोखंडी रॅक निघतात, टेबलं निघतात, कपाटं निघतात. त्यातल्या कशातूनही असं वेड उभं राहिलं नाही.

कुणी म्हणेल, त्या रॅकमागे मोठं नाव नव्हतं म्हणून. मग नाव नसलेली खुर्ची घेऊ. मुंबईच्या इराण्याकडची, वळवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची काळसर खुर्ची. कयानी १९०४चं, ब्रिटानिया १९२३चं, पुण्याचं गुडलक १९३५चं. या पिढीच्या हॉटेलांतून ती खुर्ची इतकी बसलेली आहे की तिच्याशिवाय बनमस्का डोळ्यांसमोर येत नाही. तिचं मूळ व्हिएन्नात मायकल टोनेटनं १८५९ मध्ये केलेल्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत आहे. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जहाजानं कुठेही जात. ती करायची ती व्हिएन्नाच्या कॉफीघरांसाठी, म्हणजे रोज शंभर जणांनी ओढाव्यात, ढकलाव्यात म्हणून. १८६९ मध्ये टोनेटचा एकाधिकार संपला आणि इतर कारखाने तशाच खुर्च्या काढू लागले. टोनेटचं त्यात वाटोळं झालं का? १९३० पर्यंत त्या नमुन्याच्या पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्याचं सांगतात. खिमापाव खाणाऱ्या माणसाला टोनेट कोण ते ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. नाव गळालं, खुर्ची राहिली. उलट नाव पुसलं गेल्यामुळेच ती सगळ्यांची झाली. मग चंदीगडच्या खुर्चीचं आकर्षण केवळ सहीवर उभं आहे, असं म्हणायला आधार काय?

आता वारशाच्या लुटीचा मुद्दा. हा भावनेला भिडतो, आणि आपल्याकडे तर 'परत आणा' या घोषणेला जागा फार. वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली तेव्हा किती गर्दी लोटली! तीही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून उसनी, ठरावीक मुदतीसाठी, ही गोष्ट गर्दीच्या कानावर क्वचितच गेली. चंदीगडच्या बाबतीत संताप करण्यासारखं आहेच. राजधानी प्रकल्पाच्या इमारती २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, आणि त्या इमारतींसाठीच केलेल्या खुर्च्या तोवर जगभर पांगल्या होत्या. काही संस्थांमधून चोऱ्या झाल्याच्या तक्रारीही आहेत, आणि चोरीचा माल कुठेही सापडला तरी तो परत मागितलाच पाहिजे. पण बहुतेक खुर्च्या चोरीला गेल्या नाहीत. सरकारनं स्वतः लिलाव करून, पावती फाडून विकल्या. आपला १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना हात घालतो. १९५०च्या दशकातली खुर्ची त्यात २०५० नंतरच बसेल. केंद्राच्या गृहखात्यानं चंदीगडच्या वारसा फर्निचरची विक्री थांबवण्याचा आदेश काढला तो २०११ मध्ये, आणि यादी केली तेव्हा १२ हजारांहून जास्त वस्तू शहरात शिल्लक निघाल्या. तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज जमिनीतून खणून लंडनला पळवला गेला. भारतानं तिथल्या न्यायालयात खटला लढवून तो जिंकला आणि १९९१ मध्ये मूर्ती परत आणली. ती चोरी होती. त्या खटल्याची आणि पावती घेऊन विकलेल्या खुर्चीची भाषा एकच ठेवली, तर उद्या खरी चोरी घेऊन उभे राहिलो तेव्हा आपलं कोण ऐकेल?

शिवाय लूट म्हणून टाकलं की आपलं घर तपासायची गरज राहत नाही. खुर्च्या विकल्या का गेल्या? याचं उत्तर पॅरिसमध्ये नाही. ते ज्यानं कुठल्याही सरकारी कचेरीत, बँकेत किंवा शाळेत डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, सांभाळलं आहे त्याला विचारा. वेत फाटतो. विणणारा मिळत नाही, किंवा मिळाला तरी त्याचं दोनशे-चारशेचं बिल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं हे ठरत नाही. खुर्ची व्हरांड्यात जाते. तिथे पावसात तिचा पाय कुजतो. मग समिती येते, 'वापरण्यास अयोग्य' असा शेरा मारते, वस्तूचं निर्लेखन होतं, म्हणजे नोंदीतून तिचं नाव कमी होतं, आणि ढीग लिलावाच्या लॉटमध्ये जातो. नव्या खरेदीला अंदाजपत्रकात तरतूद असते. दुरुस्तीसाठी तोंड वेंगाडावं लागतं. चंदीगडमध्ये याहून वेगळं काही घडलं असं मला वाटत नाही. आपल्या तालुक्यांच्या कचेऱ्यांतून, जुन्या न्यायालयांतून, महाविद्यालयांच्या प्राध्यापक-खोल्यांतून सागवानी वेताच्या खुर्च्या याच वाटेनं गेल्या. त्यांच्यासाठी कुणी पॅरिसहून आलं नाही एवढाच फरक.

तिसरा आक्षेप पाठीचा. तो करणारे लोक वारसावाल्यांपेक्षा जास्त प्रामाणिक असतात, कारण ते खुर्चीवर बसून बोलतात. या खुर्चीची उंची बदलत नाही, ती फिरत नाही, कमरेला आधार देत नाही. काही नमुन्यांचे हात टेबलाखाली जात नाहीत. वेताची सुटलेली धस कपड्यात अडकते. संगणकापुढे दिवसभर बसायला ती वाईट आहे, हे निर्विवाद. १९९४ मध्ये आलेल्या एअरॉनसारख्या जाळीच्या खुर्च्यांनी पाठीचा विचार ज्या बारकाईनं केला, तसा तो १९५०च्या दशकात झालाच नव्हता. पण कारकून तेव्हा तसा बसतही नव्हता. तो फायलीसाठी उठायचा, साहेबाकडे जायचा, टायपिस्टकडे जायचा. आणि आजच्या ऑफिसात तरी सगळं बसणं संगणकापुढचं कुठे असतं? बैठकीत बसणं आहे, वाट पाहत बसणं आहे, समोरच्याशी बोलत बसणं आहे, कागद वाचत बसणं आहे. या बसण्याला चाकं लागत नाहीत. उलट चाकाच्या खुर्चीतला माणूस बैठकीत सारखा सरकत, डोलत, गिरकी घेत असतो. चार पायांची, दोन हातांची खुर्ची त्याला जागेवर आणते. आणि टिकण्याचं बोलायचं तर फिरत्या खुर्चीचा गॅसचा दांडा गेला की ती हळूहळू खाली बसते, जाळी सैल पडते, हातावरचा फोम निघतो. कंपनीनं तो नमुना बंद केला असेल तर सुटा भाग मिळत नाही. मग ती कुठे जाते? तिचा वारस कुणी होत नाही. पाठीच्या डॉक्टरला आणि सुताराला एकाच खोलीत बसवून निवाडा करायची गरज नाही. संगणकापुढे एक खुर्ची ठेवा, खोलीच्या उरलेल्या भागात दुसरी.

मला स्वतःला सगळ्यात बोचणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो या वादात जवळजवळ कुणीच काढत नाही. चंदीगड हे समतेचं शहर नव्हतं. सरकारी घरांचेच हुद्द्याप्रमाणे उतरंडीनं तेरा प्रकार पाडले होते, मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत. फर्निचरमध्येही ती उतरंड उतरली : कारकुनाला वेत, वरच्यांना गादी आणि चामडं, न्यायमूर्तींना उंच पाठ. तेव्हा या खुर्चीला लोकशाहीची खुर्ची म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पण त्या उतरंडीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गादी कितीही जाड असो, खालचा सांगाडा बऱ्याच ठिकाणी एकाच घराण्यातला राहिला. तोच फाकलेला पाय, तेच जोड. आता याच्या शेजारी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणची साहेबाची खोली आठवा. मधोमध उंच पाठीची काळी फिरती खुर्ची, तिच्यावर पांढराशुभ्र टॉवेल, आणि समोर अभ्यागतांसाठी ओळीनं प्लास्टिकच्या. टॉवेलनं जे सांगायचं ते सांगून होतं. अर्जदारानं तोंड उघडायच्या आधी त्याची जागा ठरलेली असते. साहेबाची आणि अर्जदाराची खुर्ची एकाच सुतारानं एकाच लाकडातून केलेली असेल, तर हुद्दा पुसला जात नाही, हे कबूल. पण तो वीतभर खाली येतो. खासगी ऑफिसांत या खुर्च्या का आवडतात याचं एक कारण मला इथेही दिसतं. मालक आणि उमेदवार सारख्याच खुर्च्यांत समोरासमोर बसले, की आपली कंपनी वेगळी आहे असं मालकाला वाटतं. वाटण्यातला दिखाऊपणा बाजूला काढला तरी बसणं खरंच समोरासमोर होतं.

मग करायचं काय? परत आणा म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर असतं : आणखी कडक कायदा, आणखी एक यादी, कुलूप. यादी हवीच, कुलपाबद्दल मला शंका आहे. वस्तूला वारसा म्हटलं की पहिली भीती तिच्या वापराची वाटू लागते. 'बसू नये' अशी पाटी लागते, आणि विणणारा कायमचा घरी जातो. खुर्च्या विणणं हे आपल्याकडे बराच काळ अंध कारागिरांचं काम होतं; रेल्वेत आणि सरकारी खात्यांत त्यासाठी माणसं नेमली जात. भोकाभोकांतून उभा, आडवा आणि मग तिरपा वेत ओवत जायचा, जाळी बोटांनी वाचायची, ताण बोटांनी ओळखायचा. प्लास्टिकची पट्टी आणि मोल्डेड खुर्ची आली आणि हे काम आक्रसलं. आज कोणाला जुनी खुर्ची विणून घ्यायची असेल तर पुण्याच्या बुरूडआळीत किंवा अशाच एखाद्या गल्लीत चौकशी करत हिंडावं लागतं. वारसा कुठे आहे, लाकडात की या बोटांत? लाकूड चंदीगडच्या गोदामात सुखरूप राहील आणि बोटं दहा-पंधरा वर्षांत जातील, तर त्याला जतन म्हणायचं का?

रेखाटनांचंही तसंच. ती सार्वजनिक पैशानं, सरकारी कार्यालयात, सरकारी इमारतींसाठी झाली. आपल्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणीकृत आकाराचं संरक्षणही फार तर पंधरा वर्षं टिकतं, म्हणजे हा आकार इथे कुणाच्याही मालकीचा उरलेला नाही. ब्रिटननं २०१६ मध्ये उलटी वाट धरली. जुन्या नामांकित फर्निचरला तिथे रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत कलाकृतीसारखं संरक्षण मिळालं आणि स्वस्त प्रतिकृतींचा धंदा तिथे बसला. आपल्याकडे ती अडचण नाही. तरी काय दिसतं? इटलीच्या कासिना कंपनीनं २०१९ मध्ये जानरेला वंदन म्हणून याच खुर्च्या बाजारात आणल्या, बंगळुरूचे फँटम हँड्स त्या हातानं घडवून परदेशी पाठवतात आणि दोघांचं काम उत्तम आहे. जानरेचे बरेचसे कागद कॅनडातल्या माँट्रियलच्या वास्तुकला केंद्रात आहेत. पण एखाद्या आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात या खुर्चीचं मोजमापासहित रेखाटन फळ्यावर लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही. येरवड्याच्या आणि नाशिकरोडच्या कारागृहांत सुतारखाने आहेत, सरकारी कचेऱ्यांना ते फर्निचर पुरवतात आणि मजबूत पुरवतात. हजारो खुर्च्या, ठरलेला नमुना, हाताशी असलेले कारागीर : १९५५च्या चंदीगडची परिस्थिती याहून फार निराळी होती का?

यावर नकलांची भीती घालतात. रेखाटनं खुली केली तर बाजारात खोट्या खुर्च्यांचा पूर येईल आणि अस्सल कोणती ते कळणार नाही. पण पूर आलेलाच आहे. जोधपूरपासून चीनपर्यंत कुणीही या खुर्च्या करतं, आणि जुन्या खुर्च्यांवर असतं तसं कचेरीचं नाव, नंबर पांढऱ्या रंगानं लिहिणं ही काही अवघड कला नाही. खोटेपणाला भाव येतो तो टंचाईमुळे. जिथे दहा हजार चांगल्या खुर्च्या उघडपणे नव्या म्हणून विकल्या जातात, तिथे खोट्या जुन्या खुर्चीत नफा किती उरेल? खरा प्रश्न वाईट नकलांचा आहे. सागाऐवजी नीट न वाळवलेलं आंब्याचं लाकूड, हातविणीऐवजी तयार जाळीचा तुकडा खोबणीत डिंकानं दाबलेला, सांध्यांच्या जागी खिळे. फोटोत ती हुबेहूब दिसते. दोन पावसाळ्यांनी कुरकुरू लागते, आणि दुरुस्त करायला घ्यावी तर उघडतच नाही. अशा खुर्चीला बाजारातून घालवायचा मार्ग बंदीतून जात नाही. घेणाऱ्याच्या हातात चांगला नमुना आणि त्याचं माप असेल तर तोच खालून वाकून सांधा बघेल.

म्हणून महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठानं किंवा महानगरपालिकेनं पुढच्या फर्निचर-निविदेत एवढं करून पाहावं. अभ्यागतांच्या आणि बैठकीच्या खोल्यांसाठी लाकडी, हातविणीच्या खुर्च्या मागवाव्यात, चंदीगडच्याच नमुन्याच्या असाव्यात असा हट्ट नाही. प्रत्येक भाग सुटा बदलता आला पाहिजे, ही अट घालावी. पुरवठादाराच्या दरातच दहा वर्षांची विणाई धरावी. विणणाऱ्याचं पद मंजूर होत नसेल तर कराराने माणूस घ्यावा, अंध कारागिराला आधी विचारावं. आणि डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाच्या रकान्याआधी आणखी एक रकाना आखावा : शेवटची दुरुस्ती कधी, कोणी केली.